साहेबांचा दौरा

व्यंकटराव गुत्तेदार मुंबईला जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात बोट शिरली.

तालुक्यातली शिंदी विकायचा गुत्ता, म्हणजे सरकारी मक्ता, त्याच्याकडं. निजामाच्या राज्यात होता. राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, गुत्ता त्याच्याकडंच राहिला. मुंबईच्या गोदीत त्यानं एक पांढरी आगबोट पाहिली. कुणीतरी त्याला सांगितलं की मोठमोठे लोक असल्या बोटीतून समुद्रावर जातात. त्यांना कुठं पोचायचं नसतं. दिवसातून पाच वेळा घंटा होते, पाच वेळा खायचं, मधल्या वेळात प्यायचं आणि आठ दिवसांनी निघाले तिथंच परत उतरायचं. व्यंकटराव खुळावला. महिनाभर कचेरीत, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात त्याचं एकच बोलणं.

"जायचं कुटंच न्हाई. नुसतं खायचं. काय डोस्कं चालवलंय बगा त्या लोकांनी."

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण येलदरीच्या बरंच खाली पूर्णेला एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. व्यंकटरावानं भोयांच्या दोन मोठ्या होड्या घेतल्या, मधे फळ्या ठोकून जोडल्या, वर जाजम आणि गाद्या टाकल्या, डोक्यावर शामियाना ताणला, तबकड्यांचा फोनो ठेवला, पितळी घंटा टांगली. स्वयंपाक काठावर. ताटं ने-आण करायला एक लहान होडी. चोपन्न सालच्या मार्गशीर्षात तीन दिवसांचं आवतण निघालं. कचेरीतले दोन अंमलदार, एक वकील आणि आमचे डॉक्टर काशीनाथराव.

मी त्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावाला ते आपलंच वाटलं तर वाटू द्या.

काशीनाथराव वाईट डॉक्टर नव्हते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वाईट असते तर माझा राग कधीच विझला असता. हैदराबादला शिकलेले, हात हलका. अडलेली बाई सोडवावी तर त्यांनी. मूल पायाळू असो, आडवं असो, त्यांनी सोडवलेल्या पंचवीस-तीस बाया मी माझ्या डोळ्यांनी उठून घरी गेलेल्या पाहिल्या आहेत. फक्त त्यांना 'नको' म्हणता येत नव्हतं. कुणी पान पुढं केलं, पेला पुढं केला, की ते आधी हसायचे आणि मग घ्यायचे.

शनिवारी सकाळी जाताना मला म्हणाले, "बन्सी, कुणी आलं तर सांग, साहेबांचा दौरा आहे. सोमवारी येतील."

"कुठं आहे म्हणून सांगू?"

"कुठं कशाला सांगायचं? दौरा म्हणजे दौरा."

आमच्या कचेऱ्यांत साहेब फिरतीवर गेला की त्याला दौरा म्हणतात. हे कचेरीत बसणाऱ्याला ठाऊक. वाडीवस्तीवर माणूस मिरगी येऊन पडला, दातखीळ बसली, छातीत कळ येऊन आडवा झाला, की त्याला दौरा आला म्हणतात. तिथं त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही.

रविवारी सकाळी दवाखाना झाडत होतो तर येडबा आला. बोरी गावाच्या अंगाला शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेला धनगर. पायांत चिखल, खांद्यावर घोंगडी, दोरीला बांधलेला एक मेंढा. अंधारात निघालेला असणार. पायरीखालीच उभा राहिला.

"डागदरसाहेब हाईत का?"

"काय झालं?"

"लेक अडलीय. बानू. पयलंच हाय. बाळातपनाला आणलीय तिला वाड्यावर." वाडा म्हणजे मेंढरांचा वाडा, जाळी लावून केलेला, त्याच्याच कडेला त्यांच्या खोपी असतात. "काल दुपारपासून कळा द्यायलीय. सुईन म्हनती, आडवं हाय. माज्यानं व्हत न्हाई म्हनती. हा मेंढा आनलाय साहेबासाठी. मोकळ्या हातानं कसं यावं?"

मी म्हटलं, "साहेबांचा दौरा आहे."

त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं.

"कवापासून?"

"कालपासून."

"अगं आई गं. लय तरास हाय?"

त्याच वेळी मला कळलं, की ह्याला वेगळंच कळलंय. लिहायचं तर खरं लिहावं. मला कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. येडबा, तसा दौरा नव्हे, साहेब डोहात नावेवर बसून खायलेत, तिथं जा. पण मी दवाखान्याचा नोकर आणि 'कुठं कशाला सांगायचं' हा हुकूम ताजा होता. शिवाय दुसरं एक होतं. साहेब आजारी आहेत म्हटल्यावर तो भांडणार नव्हता, पाया पडणार नव्हता, मला सोपं जाणार होतं. मी म्हटलं, "त्रास म्हणजे आहेच."

"उतार कवा पडंल?"

"उद्या. सोमवारी बघतील पेशंट."

"उद्या पक्कं?"

"पक्कं."

मी त्याला परभणीच्या मोठ्या दवाखान्याचं सांगून बघितलं. तो म्हणाला, "गाडीत बसवत न्हाई ओ तिला. दचका बसला की डोळे फिरवती. तिथवर टिकंल का?" मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखं म्हणाला, "उद्या म्हंजी एकच रात. काढंल. तिच्या आयनं दोन राती काढल्या व्हत्या."

मी एक मिक्श्चरची बाटली दिली. त्या बाटलीत काय होतं ते सांगायला आज लाज वाटते. पोटदुखीचं होतं.

जाताना तो मागं वळला आणि दोरी माझ्या हातात दिली.

"हा मेंढा ऱ्हाऊ द्या. आमच्यात आजारी मानसावरून मेंढा ववाळून रानात सोडत्यात. पीडा त्याच्यासंगं जाती. साहेबावरून ववाळा आन नदीकाठाला सोडून द्या. कापू नगा तेवडा."

"अरे, तुझ्या लेकीवरून ओवाळ की."

"तिच्यासाठी भिवरा बसलीय देव पाण्यात घालून." भिवराबाई त्याची बायको. "साहेब उठले तर माज्या लेकीसारख्या धा उठतील."

फाटकापाशी जाऊन तो पुन्हा थांबला. "येताना डोहात बगितलं. नावंवर फुनू वाजायला व्हता, मांडव घातलाय. कुनाचं तरी बरं चाललंय म्हनलं."

आणि गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. हाक मारली नाही.

दुपारी नावेवरून माणूस आला. साहेबांचं पोट फुगलंय, सोडा आणि पाचक चूर्ण घेऊन बन्सीनं ताबडतोब यावं. आणि व्यंकटरावाचा निरोप, की मटण कमी पडायलंय, गावात बोकड मिळतो का बघा. मला बोकड शोधायची गरज पडली नाही. दारात मेंढा बांधलेला होता.

वाटभर मी स्वतःला सांगत होतो, की मेंढा नदीकाठालाच चाललाय, येडबानं सांगितलं तसंच. माणूस स्वतःशी किती हुशारीनं खोटं बोलतो ते त्या दिवशी शिकलो.

लहान होडीतून मला नावेवर घेतलं. व्यंकटराव लोडाला टेकून बसला होता, बंडीच्या गुंड्या सोडलेल्या.

"या कंपौंडर. पासपोट आनलाय का? न्हाई? बसू द्या रे, बिनतिकिटाचा हाय."

सगळे हसले. वकील पालथा पडला होता, तो पालथाच हसला. जाजमावर मरळ माशाचे काटे, नळ्या, सांडलेला रस्सा, त्यात माशा. शिंदीची मडकी एका कडेला, विलायती बाटल्या दुसऱ्या कडेला. भोई बांबू लावून नाव डोहाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं नेत होते आणि परत आणत होते. नाव मानवतच्या दिशेला वळली की व्यंकटराव ओरडायचा, "चला, मुंबई," आणि उलटी वळली की, "चला, इलायत." दर खेपेला पेले भरायचे.

नावेवर एक कायदा होता. 'नको' म्हणायचं नाही. ज्यानं नको म्हटलं त्याला लहान होडीत घालून काठावर उतरवायचं, मग त्याची सफर संपली. अंमलदारांपैकी एक सकाळीच उतरला होता. त्याची नक्कल अजून चालू होती.

मी सोडा दिला. काशीनाथरावांचे डोळे तांबारले होते, पण बोलणं शुद्धीत होतं. मी कानाशी वाकलो आणि सांगितलं. बोरीच्या अंगाचा धनगर आला होता. पहिलटकरीण. काल दुपारपासून. सुईण म्हणते आडवं आहे.

ते उठून बसले. पेला खाली ठेवला.

"पाणी गेलंय?"

"ते विचारलं नाही, साहेब."

"हात बाहेर आलाय का?"

"माहीत नाही."

"विचारायचं नाही का रे? किती लांब आहे?"

"इथून अर्धा-पाऊण कोस. काठाकाठानंच."

ते जोडे शोधायला लागले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एका पायात त्यांनी जोडा घातला. व्यंकटरावानंही पाहिलं.

"काय डॉक्टर, नको म्हनायलाव का?"

"नको नाही हो, पण एक पेशंट..."

"पन बिन कायद्यात न्हाई. एक तर 'नको' म्हना, होडी तयार हाय. न्हाई तर बसा. हंडी दमाला लागलीय, घंटाभरात फोडतेत. आन ह्या कंपौंडरनं मेंढा आनलाय, त्याची कलेजी तर आत्ता येती. खाऊन जावा. म्या माजा छकडा देतो, बैल असे हाईत, तुमाला तिथं पोचायला चिलीम वडायचा येळ लागनार न्हाई."

सगळे काशीनाथरावांकडं बघायला लागले. वकील बसून बघायला लागला. दोन अक्षरांचा शब्द होता. म्हटला असता तर चार माणसं हसली असती, चार दिवस नक्कल झाली असती. आणखी काही झालं नसतं.

काशीनाथराव हसले. त्यांचं ते आधीचं हसू.

"पहिलटकरणीला वेळ लागतोच, बन्सी," ते मला म्हणाले. "तासाभरानं काही बिघडत नाही. जेवून निघू. तूही बस."

मी बसलो. मला सुटल्यासारखं झालं, हेही लिहितो.

कलेजी आली. मिरी लावून तव्यावर परतलेली. पहिला घास त्यांनी घेतला, दुसरा मी. आयुष्यात मी इतकं चांगलं काही खाल्लेलं नव्हतं. घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाणारा माणूस मी. मग घंटा झाली आणि हंडी आली. झाकण उघडल्यावर वास डोहभर पसरला, काठावर कुत्री उभी राहिली. व्यंकटराव स्वतः उठून वाढायला लागला. "डॉक्टर, ही नळी बगा. नळीला नको म्हनाल?" "डॉक्टर, बुडाची खुरचन. ही कुनालाच देत न्हाई मी." "डॉक्टर, डबल का मीठा, हैदराबादची याद." प्रत्येक वाढणीवर एक पेला. काशीनाथराव प्रत्येक वेळी हसले. तासाचे दोन झाले. मी मधे दोनदा म्हटलं, "साहेब, निघायचं ना?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "हो रे, हे एवढं झालं की." तिसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. माझ्याही पोटाला तडस लागली होती.

ऊन कलायला लागल्यावर ते उठले. "चल, बन्सी." दोन पावलं टाकली आणि गुडघ्यावर बसले. नावेच्या काठाला धरून ओकले. पाण्यात मासे वर आले आणि ते खायला लागले. काशीनाथराव ते बघत राहिले. घामानं सदरा भिजला होता. मी काखेत हात घालून उभं केलं, पुन्हा बसले. मग त्यांनी आपले दोन्ही हात डोळ्यांपुढं धरले. हात लटलटत होते.

"हे हात घेऊन कुठं जाऊ?" ते म्हणाले.

मग रडले. दारूतलं रडणं होतं ते. मी त्याला काही किंमत देत नाही. व्यंकटराव म्हणाला, "डॉक्टरला बोट लागली," आणि फोनोवर दुसरी तबकडी लावली.

मला दोन पाय होते. अर्धा-पाऊण कोस चालून मी येडबाला सांगू शकलो असतो, की गाडी जुंप, कशी का असेना परभणीची वाट धर. मी काठावर उतरलो, बाभळीखाली अंग टाकलं आणि झोपलो.

सोमवारी काशीनाथरावांना छकड्यात घालून घरी आणलं. त्यांच्या आजाराचं सोंग राहिलं नव्हतं. पोटात धरलेलं, ताप, उलट्या. त्यांची बायको लीलाबाई रात्रंदिवस लिंबूपाणी पाजत होत्या. मंगळवारी बोरीचा एक माणूस हाताला पट्टी बांधायला आला, त्यानं सांगितलं की शेतातल्या धनगराची पोर सोमवारी तांबडं फुटताना गेली. मूल आतच.

बुधवारी मी वाड्यावर गेलो. कशाला गेलो, तर सांगायला. माझ्यानं धरवत नव्हतं.

येडबा मेंढरं घेऊन रानात गेला होता. मेंढरांना सुतक नसतं, त्यांना चारावंच लागतं. भिवराबाई खोपीपुढं एकटी बसली होती. बाळंतिणीसाठी वीत-वीत फाडून ठेवलेली जुनी लुगडी समोर होती आणि ती त्यांच्या पुन्हा घड्या घालत होती. मी कोण ते तिनं ओळखलं नाही. दवाखान्यातला म्हटल्यावर ती उठली, घोंगडी अंथरली, वाटीत दूध आणून ठेवलं.

"घ्या, दादा. लांबून आलाव. साहेबाला उतार हाय का?"

मी वाटीला हात लावला नाही. विचारलं, "कसं झालं?"

ती घड्या घालत बोलली, माझ्याशी नव्हे, त्या चिंध्यांशी बोलल्यासारखी.

"ह्यांच्या हाताला गुन हाय. मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आलं की हात घालून फिरवत्यात. आजपस्तोर शंभर तरी फिरवली असतील. लांब लांबचे लोक बलवायला येत्यात. आयतवारी सांजच्याला म्या म्हनलं, तुमीच बगा आता. ते म्हनले, बाप हाय म्या. म्या म्हनलं, बाप हाय म्हून तर. मंग उठले, हात धुतला, कोपरापस्तोर त्याल लावलं. खोपीच्या दारात आले. बानूनं बगितलं. म्हनली, आबा, तुमी नगा. साहेब येनार हाईत न्हवं उद्या. म्या काडते रात." ती थांबली. "लाजली ओ. मराया टेकली व्हती आन लाजली. हे तसेच माघारी फिरले. त्यालाचा हात घेऊन रातभर भाईर बसले."

उद्या. तो शब्द मी दिला होता.

मग मी सांगितलं. सगळं. दौरा म्हणजे काय, नाव, घंटा, एका पायात घातलेला जोडा. मेंढ्याचंही सांगितलं. कलेजी मी खाल्ली, हेही. मला वाटलं होतं ती ऊर बडवेल, शिव्या घालेल, दगड उचलेल. मी त्याच्यासाठीच गेलो होतो. मला तो दगड पाहिजे होता.

लुगड्याची एक घडी तिच्या हातात तशीच राहिली. तिनं विचारलं, "नाव हितल्याच डोहात व्हती?"

"हो."

"राती वाऱ्यावर हितं फुनूचा आवाज येत व्हता," ती म्हणाली. "बानू आयकत व्हती. बरं वाटायलंय म्हनली."

मी दुधाची वाटी बाजूला सारली.

"येडबाला सांगायला आलो होतो," मी म्हटलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत माझ्यासाठी काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही.

"ह्यांना सांगू नगा. डागदर आजारी व्हता, त्याला कोन काय करनार, असं म्हनून मानूस दोन घास गिळायलाय. डागदर धडधाकट व्हता, हितंच व्हता, आन आपन त्यालाचा हात घेऊन भाईर बसलो, हे त्यांला कळलं तर तो हात ते कुऱ्हाडीनं तोडतील. म्या वळखते त्यांला. लेक गेली. आता मानूस न्हाई घालवायचा मला. तुमच्या जिवाला लागलंय तर ते तुमी तुमच्या घरी बगा."

तिचं बोलणं संपेपर्यंत मेंढरांच्या घंट्या ऐकू यायला लागल्या. येडबा बांधावरून खाली उतरत होता. मी दिसलो तसा भरभर आला, चालता चालताच मुंडासं काढलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बानूबद्दल एक शब्द बोलला नाही. माझ्यापुढं उकिडवा बसला.

"साहेब कसे हाईत?"

भिवराबाई माझ्याकडं बघत नव्हती. ती घडी घालत होती.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"उठून बसत्यात?"

"आजपासून बसतात."

"लय बेस झालं. त्यांला म्हनावं, येडबाच्या मनात काय न्हाई. दुखनं काय सांगून येत न्हाई." त्यानं घोंगडीची एक दशी बोटाला गुंडाळली, सोडली. "अंगात ताकद येऊस्तोर निजू द्या त्यांला. पर मंग, पुढं कुनाची अडली, तर जातील न्हवं?"

"जातील," मी म्हटलं.